सात मिनिटांचं इलेक्ट्रो-फंक सिंगल : कामाच्या नोंदी

९ जून २०२४

काम काय ते आधी लिहितो. १९८० ते ८३च्या दरम्यान न्यूयॉर्कमध्ये आणि ओहायो राज्यात जे इलेक्ट्रो-फंक (ड्रम मशीन आणि सिंथवर वाजणारं फंक) निघालं, त्या जातीचं एक लांब नाचाचं सिंगल (एकाच गाण्याची रेकॉर्ड) कोल्हापुरात घरच्या खोलीत बनवायचं. लय मिनिटाला ११४ मात्रा, लांबी सात मिनिटांच्या आसपास. आवाज मोजकेच: ड्रम मशीन, सिंथचा (सिंथेसायझरचा) बेस, मागे भरून राहणारा पॅड, तुटक वाजणारी एक गिटार आणि टॉक बॉक्समधून येणारा गळा. कॉर्ड दोनच. मध्येच नवी चाल घुसवून लांबी वाढवायची नाही.

हिशोब असा: या लयीत चार मात्रांचा एक बार २.१ सेकंदांचा, म्हणजे सात मिनिटांत २०० बार. दोनशे बार तोच ठेका, तोच बेस, आणि तरी नाचणारा मध्येच निघून जाता कामा नये. सगळी अडचण आणि सगळी गोडी यातच आहे.

ही लांबी हौसेखातर आलेली नाही. ७ इंची तबकडीत तीन-चार मिनिटांपलीकडे खाचा दाटीनं बसतात, मग आवाज दबतो आणि बेस आधी जातो. १९७०च्या दशकाच्या मध्याला गाणी मिक्स करणाऱ्या टॉम मोल्टनला ७ इंची कोरी तबकडी मिळाली नाही म्हणून त्यानं एक गाणं १० इंचीवर कापून घेतलं. खाचा ऐसपैस झाल्या आणि आवाज एकदम अंगावर आला. १९७६ साली साल्सोल कंपनीनं डबल एक्स्पोजर या गटाचं 'टेन परसेंट' वॉल्टर गिबन्सच्या मिक्ससह १२ इंचीवर दुकानात आणलं. तिथून पुढे डीजेला सुरुवातीला नुसता ठेका हवा, मध्ये ब्रेक हवा, शेवटी पुन्हा ठेका हवा, असा साचा पडत गेला. १९८२ उजाडेपर्यंत त्या साच्यात ड्रम मशीन आणि सिंथ येऊन बसले होते. मला बनवायचं आहे ते हे.

सामान: रोलंड कंपनीच्या ८०८ या ड्रम मशीनची नक्कल, जुनी, २४,००० रुपये. बारा चॅनलचा मिक्सर एका ऑर्केस्ट्रावाल्यांकडून ७,००० ला. मिनिमूगच्या धर्तीचा तीन ऑसिलेटरचा (स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटांचा) सिंथ माझ्याकडे आधीपासून आहे. पॅडसाठी कोरस (एकच आवाज अनेकांसारखा रुंद करणारा इफेक्ट) असलेला सिंथ मित्राकडून उसना. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर.

१५ जून

ड्रम. मूळ ८०८ रोलंडनं १९८० साली काढलं आणि १९८३ साली बंद केलं. जेमतेम बारा हजार बनली असतील. त्यात खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग नाही, सगळे आवाज सर्किटमधून येतात. काउबेल म्हणजे ५४० आणि ८०० हर्ट्झचे दोन चौकोनी ऑसिलेटर. हाय-हॅट (पायानं वाजणारी झांज) म्हणजे तसलेच सहा एकत्र मिसळून गाळलेले. आफ्रिका बंबाटाचं 'प्लॅनेट रॉक' १९८२ साली याच मशीनवर उभं राहिलं. निर्माता आर्थर बेकर, की-बोर्डवर जॉन रोबी. आपल्याकडेही हे मशीन तेव्हाच पोचलं होतं. चरणजित सिंग यांनी मुंबईत रागांना डिस्को ठेका देऊन जी रेकॉर्ड केली, तिच्यात ८०८ आणि ३०३ (रोलंडचं बेस वाजवणारं मशीन) दोन्ही आहेत.

पॅटर्न साधा ठेवला. एका बारच्या सोळा पायऱ्या. किक (पायाचा मोठा ढोल) १, ४ आणि ११ या पायऱ्यांवर, स्नेअर ५ आणि १३ वर, हाय-हॅट सगळ्या सोळांवर.

पहिला अडथळा हाय-हॅटचा. सोळाही ठोके सारख्या जोराचे, त्यामुळे ठेका जागच्या जागी उभा. ॲक्सेंट (निवडक ठोक्यांना जास्त जोर) लावले तर हॅट जिवंत झाली, पण या मशीनचा ॲक्सेंट सगळ्या वाद्यांना एकच असतो. चौथ्या पायरीवर हॅट उचलली की तिथली किकही उचलली जाते, आणि ती किक हळूच यायला हवी होती.

उपाय: एकदम सगळं रेकॉर्ड करायचंच नाही. प्रत्येक आवाजाला मागे स्वतंत्र आउटपुट आहे. एका फेरीत ॲक्सेंट बंद ठेवून फक्त किक आणि स्नेअर घेतले, दुसऱ्या फेरीत ॲक्सेंट लावून फक्त हॅट आणि काउबेल. वेळ दुप्पट लागतो, पण किकवर पूर्ण ताबा राहतो. हे मशीन घेणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून असंच करावं.

शफल (ठोके मागेपुढे करून आणलेला झोका) लावलं नाही. मूळ ८०८ मध्ये तसं बटणच नव्हतं, सोळाच्या सोळा पायऱ्या सरळ. झुलवायचं काम बेसनं आणि गिटारनं करायचं.

२२ जून

बेसनं पूर्ण आठवडा खाल्ला. सगळी पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात की दोन सॉ (करवतीच्या आकाराच्या) लहरी घ्या, एक किंचित उतरवा, आवाज जाड होतो. तसं केलं. हेडफोनवर सुरेख. मोठ्या स्पीकरवर लावल्यावर दर अडीच बारांनी बेस पातळ व्हायचा आणि परत यायचा. आधी वाटलं केबल सैल आहे. केबल बदलली. मग वाटलं कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारं यंत्र) दाबतोय. तो काढला. तरी तेच.

कारण त्या उतरवण्यातच होतं. खालचा ए म्हणजे ५५ हर्ट्झ. दुसरा ऑसिलेटर सहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असेल तर फरक पडतो ०.१९ हर्ट्झचा. म्हणजे दर पाच सेकंदांनी दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट येतात आणि मूळ स्वर गिळला जातो. पाच सेकंद म्हणजे या लयीत जवळजवळ अडीच बार. वरच्या पट्टीत हीच कंपनं भरभर होतात म्हणून गोड लागतात. तळाला ती इतकी सावकाश होतात की कानाला गळतीसारखी ऐकू येतात.

आता जोडणी अशी: खालच्या सप्तकात एकच ऑसिलेटर, अगदी एकटा. त्याच्या वरच्या सप्तकात दोन, एकमेकांपासून किंचित सरकवलेले, आणि त्यांचा आवाज खालच्याच्या अर्ध्याच्या आत. फिल्टर (वरचे सूर गाळणारा) बराचसा मिटलेला, एन्व्हलप दर स्वराला त्याला झटकन उघडून पाव सेकंदाच्या आत मिटवतो. 'वाव' असा जो चघळलेला आवाज येतो तो त्या मिटण्यातून येतो. रेझोनन्स (फिल्टरच्या कडेवरचा आवाज उठवणं) जास्त दिला तर तळ पातळ होतो. मूगच्या शिडीच्या (लॅडर) फिल्टरचा तो स्वभावच आहे. म्हणून तो एक-तृतीयांशावर सोडला.

३० जून

किक आणि बेसचं भांडण. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचं काम इथेच अडतं आणि ते इक्वलायझर फिरवत बसतात.

८०८ची किक साधारण ५० हर्ट्झवर घुमते. माझं गाणं ए मायनरमध्ये होतं, हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा. बेसचा मूळ स्वर ५५. किकचा डिके (विझायला लागणारा वेळ) लांब ठेवला की तिची घुमणारी शेपटी आणि बेस एकमेकांत मिसळून सेकंदाला पाच वेळा थरथरतात. स्पीकरचा पडदा फडफडताना डोळ्यांनी दिसत होता. डिके कमी केला. फडफड कमी झाली, पण किकचा स्वर बेसच्या जवळ असून जुळत नव्हता, ते खटकतच राहिलं.

मग गाणं एक स्वर खाली, जी मायनरमध्ये आणलं. मूळ स्वर ४९ हर्ट्झ, किकच्या जवळपास तोच. काउबेलचा ८०० चा स्वरही वरच्या जीला (७८४) लागून बसला, तो आता उपरा वाटत नाही. पण नवी अडचण उभी राहिली. बेस आणि किक एकाच स्वरावर, एकाच क्षणी. सिंथचे ऑसिलेटर मोकळे फिरत असतात, त्यामुळे दर समेला लहर कुठल्या टप्प्यावर सापडेल याचा भरवसा नाही. एखादी सम छातीत बसायची, पुढची पोकळ जायची.

फंकमध्ये सम पोकळ गेलेली चालत नाही. जेम्स ब्राउननं बेस वाजवणाऱ्या तरुण बूट्सी कॉलिन्सला शिकवलं ते हेच, की 'वन'वर (बारच्या पहिल्या मात्रेवर) जोर दे आणि मग बाकी काय हवं ते वाजव. ज्यानं तबला ऐकलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. म्हणून इक्वलायझरला हात न लावता बेसची ओळ बदलली. समेवर बेस वरच्या सप्तकातला जी घेतो, ९८ हर्ट्झ. ५० हर्ट्झची जागा तेवढ्यापुरती किकची. किक विझली की, दुसऱ्या मात्रेच्या जरा आधी, बेस सप्तकभर खाली उडी मारतो. आता प्रत्येक सम सारखी बसते, आणि ही सप्तकाची उडीच गाण्याची ओळख झाली. त्या काळच्या रेकॉर्डींत बेस इतक्यांदा सप्तक का बदलतो, याचं एक कारण मला वाजवता वाजवता सापडलं.

७ जुलै

बेस आधी सिक्वेन्सरवर सरळ बसवला होता. मशीनसारखाच वाजला, म्हणून हातानं वाजवायला घेतला. चार बार वाजवून त्यांची लूप केली, तेही नको झालं. त्याच चार बारांतली तीच चूक पुन्हा पुन्हा ऐकू येते. शेवटी दोनशेच्या दोनशे बार हातानं वाजवले. मनगट भरून येतं. पण नव्वदाव्या बारनंतर बोटं ढिली पडतात, बेस केसभर मागे रेलतो, आणि सरळ ठेक्यावर मागे रेललेला बेस हाच तर झुला आहे. तो ठेवला.

क्लॉकचा, म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटरची लय जुळवण्याचा, त्रासही इथेच संपवला. कॉम्प्युटरकडून यूएसबीनं मशीनला लय दिली की ठोके मागेपुढे सरकतात. आता मशीनच मालक: त्याचा ट्रिगर आउट सरळ ट्रॅकवर रेकॉर्ड केला आणि बाकी सगळं त्याच्या ठोक्यांशी जुळवलं.

१४ जुलै

टाळी. ८०८ची टाळी म्हणजे एकाच शूऽऽ आवाजाला चार-पाच वेळा भराभर उघडमीट करून दिलेला टाळ्यांचा भास. कोरडी ऐकली तर कागद फाडल्यासारखी. एनवायसी पीच बॉईजचं 'डोन्ट मेक मी वेट' (१९८२, मागे लॅरी लेव्हन) ज्यांनी ऐकलंय, त्यांना टाळी एको घेऊन खोलीभर कशी फिरते ते माहीत आहे. मला तेच हवं होतं.

दीड आठव्याचा, म्हणजे तीन पायऱ्यांचा, डिले (एको देणारा इफेक्ट) घेतला, ३९५ मिलिसेकंद. टाळी ५ आणि १३ वर, तिचे प्रतिध्वनी अधल्यामधल्या पायऱ्यांवर. डिले सतत चालू ठेवला तर गढूळ होतं. म्हणून डिलेचा सेंड (आवाज डिलेकडे पाठवणारी खुंटी) हातात ठेवायचा आणि एखाद्याच टाळीला द्यायचा. ती फेकलेली टाळी पुढचा अख्खा बार भरते. टाळी रुंद करण्यासाठी तिची प्रत १५ मिलिसेकंद मागे सरकवून उजवीकडे टाकली. हेडफोनवर छान वाटतंय.

४ ऑगस्ट

जुलैची अखेर पुरात गेली. सामान आणायला बाहेर पडता आलं नाही. आता टॉक बॉक्स.

झॅप या बँडचा रॉजर ट्राउटमन, ओहायोतल्या हॅमिल्टन गावचा. त्याचा तो गाणारा सिंथ व्होकोडर (आवाजाचा आकार सर्किटनं सिंथला देणारं यंत्र) नव्हे. सिंथचा आवाज एका ड्रायव्हरमधून प्लास्टिकच्या नळीत, नळी तोंडात, तोंडानं आकार द्यायचा आणि समोरच्या माइकनं तो उचलायचा. गळा बंद. स्वर सिंथचा, शब्द जिभेचे. परदेशी तयार पेटी मागवायची तर कस्टमसह महाग पडते, आणि आपल्याकडे भोंग्याची युनिटं गल्लोगल्ली मिळतात. आत तेच तंत्र आहे.

भोंग्याचं ४० वॉटचं १६ ओहमचं युनिट, १,४५० रुपये. युनिटच्या तोंडावर बसणारा नळाचा रिड्यूसर, पुढे होज नोझल, टेफ्लॉन टेप, सांधे एम-सीलनं बंद. नळी म्हणजे गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी, पावणेदोन मीटर. यापेक्षा लांब घेतली तर वरचे सूर मरतात. युनिट लाकडी पेटीत, भोवती जुनी गोधडी, म्हणजे त्याचा थेट आवाज माइकवर येत नाही.

पहिल्याच संध्याकाळी युनिट गेलं. सिंथवर खालचे स्वर वाजवून बघत होतो. भोंग्याचा डायफ्रॅम तळाच्या स्वरांसाठी नसतोच. तो हलून हलून कॉइल सुटली. नवा डायफ्रॅम ३२० रुपये, आणि दुकानातल्या माणसानं बसवताना सांगितलं की आधी कपॅसिटर टाक. ३०० हर्ट्झच्या खालचं अडवायचं तर १६ ओहमला ३३ मायक्रोफॅरड लागतो, तोही बिनध्रुवाचा. तो मिळेना. ६८चे दोन साधे घेऊन त्यांचे उणे टोक उणेला जोडले की ३४ होतो आणि दोन्ही बाजूंनी चालतो. वीस-वीस रुपयांचे दोन कपॅसिटर. हे आधी केलं असतं तर डायफ्रॅम वाचला असता. युनिट जोडण्याआधी कपॅसिटर, हा क्रम मोडू नका.

११ ऑगस्ट

टॉक बॉक्सचा आवाज आता येतो, पण शब्द कळत नव्हते. तिथे काय घडतं ते नीट लिहितो.

नळी पुढच्या दातांमधून आत घेतली की जीभ अडते. ती तोंडाच्या कोपऱ्यातून, दाढांच्या बाजूनं इंचभर आत ठेवायची. नळीतून बाहेर पडणारा आवाज टाळूवर आपटताना जाणवतो, दातांना मुंग्या येतात. सिंथचा फिल्टर पूर्ण उघडा ठेवायचा, आवाज कर्कश हवा, कारण फिल्टरचं काम आता तोंड करणार आहे. मिटलेला, मऊ आवाज दिला तर 'आ' आणि 'ओ' सारखेच ऐकू येतात.

ओळ आधी लिहिली होती 'नाचू ठेक्यात'. एक अक्षर धड येईना. 'च', 'ठ', 'त' यांना स्वतःचा श्वास लागतो, आणि गळा बंद असताना श्वासाचा जोर नसतो. 'प' आणि 'ब' यांतला भेद उरत नाही, कारण सिंथचा स्वर सतत चालूच असतो. 'ध', 'भ' मधला हकार गायब. 'स' हवाच असेल तर तो वेगळा कुजबुजून टाकावा लागतो. जे येतं ते झोकात येतं: सगळे स्वर, 'ल', 'व', 'य', 'ड', 'द'. म्हणून ओळच बदलली: 'डुलू दे, डुलू दे'. प्रत्येक अक्षर नळीतून स्वच्छ बाहेर पडतं. 'डु' पासून 'दे' पर्यंत ओठ गोलाचे आडवे होतात, आणि तो बदल फिल्टर उघडल्यासारखा ऐकू येतो. सिंथवर ग्लाइड किंचित ठेवला की स्वर एकातून दुसऱ्यात घसरतो आणि माणूस गातोय असं वाटतं.

नळी दर वेळी गरम पाण्यानं धुवायची. तासाभरापेक्षा जास्त गायचं नाही, जबडा दुखतो.

१८ ऑगस्ट

सगळे ट्रॅक झाले, मांडणीला बसलो. स्क्रीनवर ठोकळे सरकवून २०० बार रचले: आठ बारांनी हॅट, आठ बारांनी टाळी, सोळाव्याला बेस, बत्तिसाव्याला पॅड. दिसायला नीटनेटकं. ऐकताना तिसऱ्या मिनिटाला उठून गेलो. पुढच्या आठ बारांनी काहीतरी येणार हे कानाला कळून चुकतं, आणि ते येतंच. मग आणखी आवाज टाकून बघितले, एक लीड, एक उलटा झांजेचा आवाज. ट्रॅक जड झाला, पण लांबचा लांबच राहिला. आठवडाभराच्या संध्याकाळी यात गेल्या, आणि त्यातलं काहीही शेवटी ठेवलं नाही.

लांब सिंगल भर घालून लांब होत नाही. ते काढून घेऊन लांब होतं. जमैकात किंग्स्टनमध्ये किंग टबी मिक्सरवर आवाज तोडून आणि एको सोडून डब (गाण्याचं उघडंबोडकं रूप) करायचा, तेच बीज न्यूयॉर्कच्या १२ इंचीत आलं. प्रीलूड कंपनीसाठी फ्रान्स्वा केव्होर्कियननं मिक्स केलेलं डी ट्रेनचं 'यू आर द वन फॉर मी' (१९८१) पुन्हा ऐकलं, या वेळी फक्त काय वाजत *नाही* ते लिहीत. कागद भरला.

२५ ऑगस्ट

कॉम्प्युटरवरची मांडणी पुसली. सगळे ट्रॅक पहिल्या बारपासून शेवटपर्यंत सलग चालू, प्रत्येक ट्रॅक मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला, आणि मिक्सर स्टिरिओत परत रेकॉर्डरला. आता गाणं हातांनी मिक्स करायचं, सुरू झालं की सात मिनिटं थांबायचं नाही.

दोन हात पुरत नाहीत. भाच्याला बसवलं. ड्रम आणि टाळी त्याच्याकडे. बेस, गळा, पॅड, गिटार आणि डिलेचा सेंड माझ्याकडे. तो विचारायला लागला, "मामा, टाळी कितव्या बारला सोडू?" सांगितलं की आकडा मोजू नकोस, तुला हवीशी वाटली की थोडं थांब आणि मग सोड. त्यानं पंचविसाव्याऐवजी सत्ताविसाव्याला सोडली. मी तोवर गिटार आणणारच होतो, पण टाळी उशिरा आल्यामुळे हात आवरला. त्या दोन बारांची ओढ स्क्रीनवर ठोकळे सरकवून कधी सुचली नसती.

सगळ्यात मोठी गोष्ट बेसची. चौथ्या मिनिटाला बेस पूर्ण काढला आणि किक, हॅट, डिलेत घुमणारा 'डुलू दे' एवढंच ठेवलं. आठ बार, सोळा बार. सोळाव्याला आणायचा असं ठरलं होतं. भाच्यानं डोळ्यांनी 'अजून' म्हटलं. चोविसाव्या बारच्या शेवटच्या अर्ध्या मात्रेला बेस उघडला. समेवर त्याची वरच्या जीची सुरुवात आणि मग खालची उडी. खोलीत आम्ही दोघेच होतो आणि दोघेही उभे राहिलो.

अडचण: जुन्या मिक्सरच्या म्यूट (आवाज बंद करायच्या) बटणांतून 'टक' येतो, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनर (२८० रुपये) मारल्यावर फेडर साफ झाले, बटणांचा टक राहिला. किक वाजत असताना बटण दाबलं तर टक झाकला जातो. बाकी ठिकाणी फेडरच वापरायचा.

१ सप्टेंबर

कुठलीच एक फेरी पूर्ण चांगली नाही. एकीची सुरुवात चांगली, दुसरीचा ब्रेक, तिसरीचा शेवट. त्या काळीही असंच व्हायचं, आणि मग टेप ब्लेडनं कापून चिकटवायची. लॅटिन रास्कल्स या जोडीचं नावच त्या ब्लेडच्या कामावर झालं. सेकंदाला १५ इंच धावणाऱ्या टेपवर माझ्या लयीची एक पायरी म्हणजे बरोबर पाच सेंटीमीटर. 'डु-डु-डु-डु' असा अडखळणारा आवाज म्हणजे पाच सेंटीमीटरचे तुकडे शेजारी शेजारी चिकटवलेले.

कॉम्प्युटरवर १३१.६ मिलिसेकंदांचे तुकडे केले. जोडांवर चिरा ऐकू आल्या. टेपवर का येत नाहीत? कारण टेप तिरकी कापतात. पाव इंची टेपवर ४५ अंशांचा काप म्हणजे या वेगाला साधारण १७ मिलिसेकंदांत एक तुकडा मावळतो आणि दुसरा उगवतो. तेवढाच क्रॉसफेड दिला, चिरा गेल्या आणि जोडाला टेपचा गोलावाही आला.

जोडणीत बार वाढले. आता २०६ बार, ७ मिनिटं १३ सेकंद.

२२ सप्टेंबर

गणपतीत डॉल्बीवाले सापडत नाहीत, म्हणून विसर्जन उरकेपर्यंत थांबलो. आज डॉल्बीवाल्या आप्पांच्या गोडाऊनमध्ये, शिरोलीला, १८ इंची बेसच्या भिंतीवर लावून बघितलं. भर दुपारी, शटर अर्धं खाली.

किक आणि बेस जसे हवे तसे. समेला पत्र्याचं छप्पर बोललं. जी मायनर, सप्तकाची उडी, एकटा ऑसिलेटर, सगळं कामी आलं. आप्पा मशीनजवळ उभे राहून पूर्ण ऐकत होते. मग म्हणाले, "भावा, बेस दमदार हाय. पण टाळी पिंपात पडल्यागत का वाजतीय?"

डॉल्बी मोनोत, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून, जोडलेली असते. माझी रुंद टाळी, १५ मिलिसेकंद मागे सरकवलेल्या प्रतीसकट, मोनोत स्वतःलाच खात होती. पॅडच्या कोरसचंही तेच, अर्धा पॅड गायब. १२ इंची कापणारेही बेस मधोमध ठेवायला सांगायचे, कारण तळाचे स्वर दोन बाजूंना उलटे गेले की सुई खाचेतून उडते. बेसच्या बाबतीत ते मी पाळलं होतं, टाळीच्या बाबतीत नाही. जुलैत हेडफोनवर जे छान वाटलं होतं, ते एकदा मोनोचं बटण दाबून ऐकलं असतं तर इथवर आलं नसतं.

दुसरी गोष्ट आवाजाच्या मोठेपणाची. आप्पांच्या नेहमीच्या गाण्यांपेक्षा माझा ट्रॅक बारीक आवाजात वाजतो. ते म्हणाले दाबून आण. लिमिटरवर (आवाजाची शिखरं कापणाऱ्या यंत्रावर) दाबून बघितला, किकचा धक्का सपाट झाला. ठेवलं नाही. आवाजाची खुंटी आप्पांकडे आहेच.

२९ सप्टेंबर

टाळीची प्रत काढून टाकली. टाळी एकच, मधोमध. रुंदी फक्त डिलेच्या प्रतिध्वनींना, तेही डावा-उजवा आळीपाळीनं, म्हणजे मोनोत ते एकमेकांवर पडत नाहीत. पॅडचा कोरस नसलेला एक साधा ट्रॅक मधोमध भरला, कोरसचा त्याच्या निम्म्यानं ठेवला. मग भाच्याला बोलावून पूर्ण मिक्स पुन्हा हातानं केलं. जुन्या फेऱ्यांचे तुकडे नव्या टाळीबरोबर जुळत नव्हते, म्हणून सगळ्याच फेऱ्या नव्या. चोवीस बारांची बेसची सुट्टी तशीच ठेवली. शेवटी बत्तीस बार नुसता ठेका, पुढचं गाणं मिसळायला.

आज पुन्हा शिरोलीला. टाळी समोर आली. आप्पांनी काही न बोलता आवाज वाढवला.

खर्च: ड्रम मशीन २४,०००, मिक्सर ७,०००, युनिट १,४५०, डायफ्रॅम ३२०, नळी ९०, रिड्यूसर आणि नोझल १८०, कपॅसिटर ४०, एम-सील ४०, क्लीनर २८०. एकूण ३३,४०० रुपये. यातली ड्रम मशीनची रक्कम वाचवता येते. ८०८चे आवाज सॉफ्टवेअरमध्ये फुकटातही मिळतात, फक्त प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. मिक्सरवर मात्र काटकसर करू नका. जुना चालेल, खरखरणारा चालेल, पण निदान आठ चॅनल आणि एक सेंड हवा, आणि शेजारी बसायला दुसरं माणूस.

पुढचं काम बी बाजूचं: तेच ट्रॅक, गळा जवळजवळ काढलेला, डिले जास्त. आप्पा नवरात्रात कामावर, त्यामुळे ऐकून बघणं दसऱ्यानंतर. फेडरच्या जागांच्या खुणा मिक्सरवर पांढऱ्या टेपवर पेन्सिलनं करून ठेवल्यात. तोपर्यंत तो टेबलावरून हलवायचा नाही असं घरात सांगितलंय.